दूध सव्वीस लिटर, पण गाय गाभण राहीना

पत्र

मॅडम, नमस्कार. आम्ही संगमनेर तालुक्यातले. गोठ्यात पाच संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायी आहेत. धारा आणि वैरणपाणी मी बघते, पेंडीचं आणि डेअरीचं दीर बघतात. सगळ्यात मोठी गाय तिसऱ्या वेताची, ५ नोव्हेंबरला व्याली. वार दीड दिवस अडकली होती. महिन्याभरात दूध २६ लिटरवर गेलं, फॅटही ४.८ लागायचं. १२ जानेवारीला पहिल्यांदा भरली (रेतन केलं), मग २ फेब्रुवारी, ८ मार्च आणि २९ मार्च. आता परत माजावर येईल असं दिसतंय. शेजारच्याच दावणीच्या दहा-बारा लिटरच्या दोन गायी एकाच भरण्यात गाभण राहिल्या. या गायीचं दूध सध्या २२ लिटर, फॅट ३.१, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ८.२. रोजचं खाणं: उसाचे वाढे १५ किलो, लसूणघास १५, मुरघास (मुरवलेला हिरवा मका) ५, गोळी पेंड ६, सरकी पेंड ४, आणि गाय खंगली म्हणून दिरांनी जानेवारीपासून शेंगदाणा पेंड १ किलो चालू केली. पेंडीचं हे आंबोण दोन्ही धारांना देतो. मिनरल मिक्स्चर आणलं की देतो. आटवल्यावर खुराक बंद, नुसती वैरण. सासूबाई म्हणतात, हाडं वर आलेली गाय धरत नाही. दीर म्हणतात, एवढी पेंड खाते, कमी काय आहे? कोणतं टॉनिक द्यावं? दुसरी मोठी गाय मेअखेरीस व्यायची आहे, तिचंही असंच होईल अशी धास्ती वाटते. या गायीचे दोन फोटो पाठवत आहे, एक व्यायल्यावरचा आणि एक आताचा.

उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही तारखा लिहिल्यात हे फार बरं केलंत. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच पत्रांत ‘तीन-चारदा भरली’ एवढंच असतं आणि त्यावरून काही उमगत नाही. तुमच्या तारखांवरून उमगतं, म्हणून तिथूनच सुरू करते.

१२ जानेवारी ते २ फेब्रुवारी एकवीस दिवस. ८ मार्च ते २९ मार्च पुन्हा एकवीस. म्हणजे गाय वेळेवर फिरते आहे, माजाचं चक्र बिघडलेलं नाही. पण मधलं अंतर मोजा. २ फेब्रुवारी ते ८ मार्च हे चौतीस दिवस होतात. मधला एखादा माज तुमच्या नजरेतून सुटला असता, तर ती बेचाळीस दिवसांच्या आसपास दिसली असती. चौतीस ना इकडचे, ना तिकडचे. माझा अंदाज असा की फेब्रुवारीत गाय गाभण राहिली होती आणि तीन-चार आठवड्यांचा गर्भ जिरला. एवढासा गर्भ पडलेला डोळ्यांना दिसत नाही. आपण म्हणतो गाय उलटली, म्हणजे धरलीच नाही, आणि बोल लावतो भरणाऱ्या माणसाला.

तेव्हा प्रश्न दोन आहेत. गर्भ धरत का नाही हा एक, आणि धरलेला टिकत का नाही हा दुसरा. दोन्हींची बरीचशी उत्तरं तुमच्या गव्हाणीत आहेत, पण आजच्या गव्हाणीपेक्षा गेल्या दिवाळीच्या मागच्या-पुढच्या गव्हाणीत जास्त आहेत.

टॉनिकचं नाव मी देणार नाही. गायीला जे कमी पडलं ते बाटलीत मावणारं नाही.

तुमचे फोटो बघितले. व्यायल्यावरच्या फोटोत गाय बेताची आहे, कमरेची हाडं दिसतात पण त्यांवर मांस आहे. आताच्या फोटोत शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडलेत, पाठीचा कणा वर आलाय आणि बरगड्या लांबून मोजता येतात. गायीची अंगलट आम्ही एक ते पाच अशा गुणांत मोजतो. एक म्हणजे हाडांचा सापळा, पाच म्हणजे चरबीचा गोळा. व्यायच्या वेळी गाय तीन ते साडेतीनच्या दरम्यान असावी. तुमची तेव्हा तीनच्या आसपास होती, आता दोनवर आहे. व्यायल्यावर अर्धा गुण उतरणं चालतं. पुरता एक गुण उतरला की गाभण राहणं अवघड होतं, हे जगभर तपासून झालेलं आहे. सासूबाईंचं म्हणणं सोळा आणे खरं.

आता हे का होतं ते. व्यायल्यावर दूध झपाट्याने चढतं आणि चार ते आठ आठवड्यांत शिखराला पोचतं. भूक मात्र सावकाश वाढते, तिचं शिखर दहाव्या ते चौदाव्या आठवड्यात येतं. या मधल्या काळात गाय जेवढं खाते त्याहून जास्त दुधातून देते आणि तूट स्वतःच्या अंगातून भरून काढते. दहा-बारा लिटरच्या गायीची तूट किरकोळ असते. सव्वीस लिटरवालीची मोठी असते. तुमच्या त्या दोन गायी एका भरण्यात राहिल्या त्याचं कारण एवढंच. त्यांचं गर्भाशय काही वेगळं नाही.

अंगात तूट असली की रक्तातली साखर आणि इन्सुलिन खाली जातं. बीजकोशावरचं बीज पिकून फुटायला मेंदूकडून ज्या संप्रेरकाचे झटके यायला लागतात ते मंदावतात. दुष्काळाच्या वर्षी घरात लग्नाची बोलणी कोणी काढत नाही, तसंच शरीर नव्या वासराचा विचार पुढे ढकलतं. दूध, म्हणजे पायाशी असलेलं वासरू, त्याच्या आधी येतं.

आणखी एक गोष्ट गोठ्यात फारशी बोलली जात नाही. जे बीज माजाच्या वेळी सुटतं ते काही त्या एकवीस दिवसांत तयार झालेलं नसतं. बीजकोशात त्याची वाढ सुरू होऊन ते सुटेपर्यंत दोन-तीन महिने जातात. १२ जानेवारीला सुटलेलं बीज नोव्हेंबरात, वार अडकलेली असताना आणि गाय अंग झिजवत असताना वाढायला लागलं होतं. जानेवारीत शेंगदाणा पेंड चालू करून त्या बीजाचं काही भलं होणार नव्हतं. म्हणून आज बदललेल्या खाण्याचा परिणाम पुढच्याच माजाला दिसावा अशी अपेक्षा ठेवू नका. दोन-तीन माज जाऊ द्यावे लागतील.

आता डेअरीच्या पावतीकडे या. गायीच्या पोटात काय चाललंय हे सांगणारी फुकटची तपासणी तुमच्या घरात रोज दोनदा येते आणि आपण तिच्यावर फक्त पैसे बघतो. डिसेंबरात फॅट ४.८ लागलं तेव्हा घरात सगळे खूश झाले असतील. एचएफ गायीला पहिल्या महिन्यात एवढं फॅट लागतं तेव्हा ती बहुतेक वेळा तिच्या पाठीवरची चरबी असते, वितळून दुधात उतरलेली. पेंड चांगली लागू पडली असं त्या वेळी वाटतं, प्रत्यक्षात गाय स्वतःला खात असते. तेव्हाच लघवीची पट्टी बुडवून कीटोन (अंगातली चरबी वितळताना बनणारे पदार्थ) तपासले असते तर बहुधा सापडले असते. मधुमेही माणसांसाठी मेडिकलमध्ये मिळते तीच पट्टी.

आणि आताचं ३.१ फॅट, ८.२ एसएनएफ? हे उलट्या बाजूचं दुखणं आहे. फॅट कमी, कारण आंबोण जास्त आणि चावायची वैरण कमी, त्यामुळे पोटात आम्ल वाढतंय. एसएनएफ कमी, कारण गायीला ऊर्जा पोचत नाही. ऊर्जा कमी पडली की दुधातलं प्रथिन उतरतं आणि एसएनएफ त्याच्यासोबत घसरतं. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफचा दर हातचा जातोय तो ज्या कारणाने, त्याच कारणाने गाय उलटतेय.

दिरांचा प्रश्न रास्त आहे: एवढी पेंड खाते, कमी काय? मी हिशोब केला. लिटरमागे चारशे ग्रॅम आणि अंगासाठी दीड-दोन किलो असा आपला ढोबळ नियम धरला तर बावीस लिटरच्या गायीला साडेदहा किलो आंबोण लागतं. तुम्ही अकरा देता. म्हणजे कमी नाहीच. गडबड मापात नाही, ती काय देता आणि कसं देता यात आहे.

कसं देता ते आधी. अकरा किलो दोन वेळांत म्हणजे एका बैठकीला साडेपाच किलो. एवढं पीठ-पेंड एकदम पोटात गेलं की कोठीपोटातलं, म्हणजे वैरण जिथे आधी मुरते त्या मोठ्या कप्प्यातलं, आम्ल वाढतं, वैरण पचवणारे जिवाणू मरतात, गाय रवंथ कमी करते आणि शेण पातळ पडतं. उद्या सकाळी शेण मुठीत घेऊन पाण्याखाली धुऊन बघा. अख्खे मक्याचे दाणे, सरकीची टरफलं जशीच्या तशी हाताला लागली तर समजा, पैसे शेणात चाललेत. दुपारी गायी बसलेल्या असताना एक नजर टाका. बसलेल्या गायींपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करताना दिसायला हव्यात. कागदावर तुमच्या गायीला ऊर्जा पुरते, पोटात पुरत नाही, ती अशी.

काय देता, त्यात मोठी चूक प्रथिनाची आहे. घास पंधरा किलो, सरकी चार, वर शेंगदाणा पेंड. सगळी प्रथिनं एकत्र केली तर दिवसाला साडेतीन किलोच्या जवळ जातात. बावीस लिटरच्या गायीची गरज अडीच किलोच्या आसपास. खंगलेल्या गायीला पेंड वाढवणं हे कुणालाही सुचतं, दिरांनाही तेच सुचलं. पण शेंगदाणा पेंडीचं आणि कोवळ्या घासाचं प्रथिन कोठीपोटात फार लवकर फुटतं आणि त्याचा अमोनिया होतो. जिवाणूंनी तो वापरायचा तर त्यांना त्याच वेळी ऊर्जा हवी, आणि ती नाही. मग अमोनिया रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया करतं, त्यात आणखी ऊर्जा खर्च होते. म्हणजे जिची तूट भरायची तिचीच तूट आपण वाढवली. तो युरिया रक्ताबरोबर गर्भाशयातही पोचतो, तिथली आम्लता बदलते आणि आठवड्याभराच्या कोवळ्या गर्भाला ते सोसत नाही. फेब्रुवारीतला गर्भ यामुळेच गेला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण माझा पहिला संशय यावरच आहे.

दुधातल्या युरियाची तपासणी मोठ्या दूध प्रकल्पांच्या प्रयोगशाळेत होते. डेअरीत विचारा, पण नीट शब्दांत विचारा. दुधात युरिया म्हटलं की आपल्याकडे लोकांना भेसळ आठवते आणि डेअरीचा सचिव दचकतो. मी म्हणते आहे तो गायीच्या अंगातून नैसर्गिकपणे दुधात येणारा युरिया, तो प्रत्येक गायीच्या दुधात असतो. त्यातला नत्राचा आकडा डेसिलीटरला १९-२० मिलिग्रॅमच्या वर गेला तर प्रथिन जास्त होतंय असं समजावं.

जास्त खाणाऱ्या गायीची अजून एक अडचण असते, तिला इलाज नाही पण माहीत असलेली बरी. एवढं खाणं पचवताना यकृतातून रक्त जोरात वाहतं आणि माजाचं व गर्भ टिकवण्याचं अशी दोन्ही संप्रेरकं लवकर विरून जातात. म्हणून अशा गायीचा माज थोडा वेळ टिकतो, कधी मुका असतो, आणि गर्भाला आधार कमी पडतो. म्हणून कोणी सांगेल, ‘दूध कमी करा, खुराक तोडा, मग राहील.’ ते अजिबात करू नका. खुराक तोडला तर दूध नंतर कमी होतं, अंग आधी जातं.

वाढ्यांबद्दल. कारखाने चालू असताना तोडणीच्या टोळीकडून वाढ्याच्या पेंढ्या स्वस्तात मिळतात आणि अहिल्यानगर जिल्ह्यात बऱ्याच गायी चार महिने त्यांवर असतात, हे मला ठाऊक आहे. वाढ्यांत ऑक्झालेट असतं, ते पोटात कॅल्शियमला धरून ठेवतं आणि शेणावाटे बाहेर नेतं. शिवाय वाढ्यांत ऊर्जा आणि प्रथिन दोन्ही बेताचं, पोट मात्र भरतं. भाकड गायीला चालतील, बावीस लिटरवालीला पंधरा किलो वाढे म्हणजे पोटातली जागा वाया. काही जण चुन्याची निवळी शिंपडून देतात, त्याने थोडा फरक पडतो, पण खरा उपाय वाढे कमी करणं आणि रोज खनिज मिश्रण देणं. तसेही हंगाम संपत आलाय, आता वाढे मिळणार नाहीतच. ती जागा घासाने भरू नका, मुरघासाने भरा.

आणि ‘आणलं की देतो’ हे खनिज मिश्रणाबाबत चालत नाही. तांबं, जस्त, मँगनीज, कोबाल्ट, आयोडीन, सेलेनियम यांची गरज चिमटीएवढी असते, पण रोज असते. माज न दाखवणं, वार अडकणं, गर्भ न टिकणं, प्रत्येकामागे यातलं काहीतरी असू शकतं. वार दीड दिवस अडकली, तिथे सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाची कमतरता हे एक ठरलेलं कारण आहे, कॅल्शियमची कमतरता हे दुसरं. पिशवीवर घटकांची यादी नसेल ते मिश्रण घेऊ नका. चुनखडीची पूड रंगीत पिशवीत घालून विकणारे कमी नाहीत.

आता या गायीला उद्यापासून काय द्यायचं. गाय साडेपाचशे किलोची धरते आहे. मुरघास वाढवत अठरा किलोपर्यंत न्या, घास आठ किलोवर आणा, ज्वारीच्या कडब्याची कुट्टी अडीच किलो चालू करा. गोळी पेंड सहा किलो राहू द्या, सरकी दीड किलोवर आणा, मक्याचा भरडा दीड किलो घाला, शेंगदाणा पेंड बंद. आंबोण नऊ किलो होतं, ते चार वेळांना द्या, एका वेळी अडीच किलोच्या वर नको, आणि आधी वैरण, मग आंबोण. सोबत खनिज मिश्रण शंभर ग्रॅम, मीठ तीस-चाळीस ग्रॅम, खाण्याचा सोडा शंभर ग्रॅम. बायपास फॅट (कोठीपोटात न फुटता पुढे जाऊन पचणारी चरबी) दिवसाला दीडशे ग्रॅम महिना-दीड महिना दिलं तर अंग भरायला मदत होईल. बायपास फॅट परवडत नाही म्हणून काही जण खाद्यतेल ओततात. ते कोठीपोटातल्या जिवाणूंना मारतं, वैरण पचत नाही, फॅट आणखी पडतं.

हा बदल एका दिवसात करू नका, दहा दिवस घ्या. बदलाच्या आठवड्यात दूध लिटरभर हललं तर घाबरू नका. पंधरा दिवसांनी फॅट ३.५ कडे सरकलं आणि शेण घट्ट झालं तर रस्ता बरोबर आहे. सगळ्या गायींसाठी असा हिशोब करायचा असेल, तर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचं ‘पशु पोषण’ नावाचं मोबाइल ॲप आहे. वजन, दूध, घरातली वैरण-पेंड भरली की ते समतोल आहार काढून देतं. दिरांना त्यावर बसवा, हिशोबाचं काम त्यांना आवडेल.

मुरघास विकत घेणार असाल तर बुरशी बघून घ्या. खड्ड्याच्या कडेचा, पांढरा-हिरवा झालेला थर गायीला घालू नका. मक्यावरच्या काही बुरशींचं विष माजाच्या संप्रेरकासारखं वागतं आणि सगळं चक्र गोंधळात टाकतं.

येणाऱ्या माजाला भरायचं का? मी म्हणेन, हा माज सोडा. या माजाला डॉक्टरांना बोलवा, पण भरण्यासाठी नाही, तपासण्यासाठी. सोट (माजात पडणारा चिकट स्राव) आरशासारखी स्वच्छ आहे की त्यात पांढरे तुकडे आहेत ते बघायला सांगा. वार दीड दिवस अडकलेल्या गायीच्या गर्भाशयात बारीकसा दाह महिनोन्महिने राहू शकतो आणि तो असेल तर आहार कितीही सुधारा, उपयोग नाही. गरज वाटली तर सोट प्रयोगशाळेत पाठवून कोणतं औषध लागू पडतं ते काढता येतं. त्यापुढच्या दोन माजांना भरा.

मे महिना तापणार आहे आणि उन्हात एचएफ गायीचा गर्भ टिकणं अवघडच. दुपारी पत्र्याखाली ठेवू नका, झाडाखाली किंवा शेडनेटखाली ठेवा, पंखा आणि फवारा असेल तर उत्तम. मोठं खाणं पहाटे आणि रात्री नऊनंतर द्या, दुपारी तिला भूकच नसते. पाणी दिवसभर समोर असू द्या. दिवसाला शंभर लिटरच्या वर ती सहज पिते, आणि बादलीने दोनदा पाजलेल्या गायीकडून बावीस लिटरची अपेक्षा करू नये. उन्हाळ्यात माज रात्रीचा असतो आणि थोडा वेळ दिसतो. झोपण्यापूर्वी आणि पहाटे धारेच्या आधी गोठ्यात एक चक्कर मारा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

आता मेअखेरीस व्यायच्या गायीकडे. माझ्या मते तुमचं पुढचं वर्ष हिच्यावर ठरणार आहे, कारण जे या गायीच्या बाबतीत हातचं गेलं ते हिच्या बाबतीत अजून हातात आहे.

आटवल्यावर खुराक बंद, ही चाल अहिल्यानगरपासून कोल्हापूरपर्यंत सगळीकडे दिसते. दूध देत नाही तर पेंड कशाला, असा विचार असतो. पण शेवटच्या दोन महिन्यांत पोटातलं वासरू सगळ्यात जास्त वाढतं, आणि कासेची नवी जडणघडण होते. दोन महिने नुसती वैरण खाल्लेल्या गायीचं कोठीपोट वैरणीला सरावतं. पेंड पचवणारे जिवाणू कमी होतात, पोटाच्या आतल्या अस्तराचे केसाळ उंचवटे, ज्यांतून अन्नरस शोषला जातो, ते आखडतात. ते परत वाढायला चार-पाच आठवडे लागतात. आणि आपण काय करतो? व्यायल्याच्या चौथ्या दिवशी दूध वाढावं म्हणून आठ किलो आंबोण पुढे टाकतो. तुमच्या मोठ्या गायीचा घसरगुंडीचा प्रवास तिथे सुरू झाला.

हिचा फोटो तुम्ही पाठवलेला नाही, तेव्हा मागून उभं राहून स्वतःच बघा. खड्डे दिसत असतील तर आतापासून दीड-दोन किलो गोळी पेंड चालू करा. शेपटीचं बूड चरबीने भरून गोल झालं असेल तर उलटं, कडबा वाढवा आणि पेंड थांबवा. जाड गाय व्यायल्यावर जेवतच नाही. तिच्या अंगावरची चरबी भसाभस यकृतात जाते, आणि ती गाय खंगलेल्या गायीपेक्षा लवकर आजारी पडते. मात्र आता जाड दिसली म्हणून तिला उपाशी ठेवून बारीक करायला जाऊ नका. जी अंगलट आहे ती व्यायपर्यंत टिकवा.

मेच्या पहिल्या आठवड्यापासून, म्हणजे व्यायच्या साधारण एकवीस दिवस आधी, जी गोळी पेंड व्यायल्यावर देणार तीच थोडी थोडी चालू करून तीन किलोपर्यंत न्या. मुरघासही चारायला लागा, म्हणजे पोटाला ओळख होईल. या तीन आठवड्यांत घास पूर्ण बंद ठेवा. त्यात कॅल्शियम आणि पोटॅशियम भरपूर असतं, आणि व्यायच्या आधी कॅल्शियम आयतं मिळालं की हाडातून ते काढायची शरीराची सवय मोडते. मग व्यायल्याच्या दिवशी चिकात कॅल्शियम ओढलं गेलं की गाय बसते, उठतच नाही. याच कारणाने शेवटच्या तीन आठवड्यांत कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नका, हे मी मोठ्या अक्षरांत लिहिलं असतं. या काळासाठी वेगळं ऋणभारित क्षारमिश्रण (ॲनायनिक सॉल्ट) मिळतं, ते डॉक्टरांना विचारून द्या. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमचं इंजेक्शन व्यायच्या तीनेक आठवडे आधी द्यावं का तेही त्यांनाच विचारा. वार अडकलेली गाय गोठ्यात आधी होऊन गेली आहे हे त्यांना आवर्जून सांगा.

व्यायल्यावर कोमट पाणी गूळ-मीठ घालून भरपूर पाजा. बाजरी-गुळाची रीत असेल तर एक-दोन दिवस थोडी चालेल, पाटीभर नको. आंबोण तीन किलोवरून दर दोन दिवसांनी अर्धा किलो वाढवत न्या, दूध पुढे पळालं तरी तुम्ही पळू नका. पाचव्या ते पंधराव्या दिवसाच्या दरम्यान दोन-तीनदा लघवीची पट्टी बुडवा. पट्टी जांभळी झाली, गाय आंबोण सोडून नुसता कडबा खायला लागली, किंवा तोंडाला गोडसर वास आला तर त्याच दिवशी डॉक्टर, दुसऱ्या दिवशी नाही. बायपास फॅट दीडशे ग्रॅम व्यायल्यापासून तीन महिने. दर पंधरा दिवसांनी मागून एक फोटो काढत जा, एकाच जागेवरून, आणि मोबाइलात जपून ठेवा. साठ दिवसांनी अंगलट अर्ध्या गुणाहून जास्त उतरलेली नसेल तर पहिल्या भरण्याला चांगली आशा धरा.

सगळं आहारावर ढकलून मोकळं होऊ नका, हेही सांगते. नव्या गायी बाजारातून आणल्या असतील, किंवा गोठ्यात कधी सहाव्या-सातव्या महिन्यात गाय गाबडली (गर्भ पडला) असेल, तर सगळ्या गायींची ब्रुसेलाची रक्ततपासणी करून घ्या. असं गाबडलेलं वासरू आणि वार उघड्या हाताने उचलायची नाही, तो रोग माणसालाही होतो. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात त्याची लस एकदाच द्यायची असते.

उरलेल्या शेंगदाणा पेंडीचं काय, हे दीर विचारतीलच. पोतं उघडून वास घ्या. कुबट वास आला, ढेपा झालेल्या असल्या किंवा मुठीत दाबून ओल लागली तर कोणत्याच गायीला नको, शेंगदाण्यावरच्या बुरशीचं विष दुधात उतरतं. पेंड कोरडी, स्वच्छ असेल तर दहा-बारा लिटरच्या त्या दोन गायींना सरकीच्या बदली रोज अर्धा किलो घालून संपवा. मात्र त्या दोघींना मुरघास आणि कडबा पोटभर मिळतोय ना, ते आधी बघा.